ओळ आपली, यमक मुलाचे : कवितेतली चित्रपुस्तके लहान मुलांबरोबर कशी वाचावीत

तालात आणि यमकात बांधलेले चित्रपुस्तक हे सलग वाचून संपवण्यासाठी केलेले नसते. मोठ्या माणसाने ओळ उचलावी, ठेका धरावा आणि ओळीच्या शेवटचा शब्द मुलाच्या तोंडून यावा, अशीच त्याची मुळातली रचना असते. हे एवढे ध्यानात ठेवले, की पुस्तक कोणते घ्यावे, वाचताना कुठे थांबावे, चित्र केव्हा दाखवावे आणि मुलाने भलताच शब्द उच्चारला तर काय करावे, यांपैकी बहुतेक प्रश्न सोपे होतात. पुढील सूचना साधारणपणे एक ते सहा वर्षे वयाची मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

मराठी घरांना हा खेळ नवा नाही. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट टेकवून 'इथे इथे बस रे मोरा' म्हणणारी आजी चारा-पाणी होईपर्यंत संथ लयीत बोलते आणि मोर उडण्याच्या आधी क्षणभर थांबते. बाळाला मोर ठाऊक नसतो, चारा ठाऊक नसतो, पण आता 'भुर्र' होणार हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते, आणि म्हणूनच ते आधीच खिदळू लागते. चित्रपुस्तकात या खेळाला दोन गोष्टींची जोड मिळते : एक चित्र आणि दुसरे, पान उलटण्यातली उत्सुकता.

पुस्तक निवडताना

पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातले मधलेच एखादे पान उघडावे आणि चार ओळी मोठ्याने वाचून पाहाव्यात. दुकानात संकोच वाटत असेल तर पुटपुटल्या तरी चालेल. वाचताना दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरावा. मराठी बडबडगीतांची चाल बहुधा आठ मात्रांच्या आवर्तनात बसते, त्यामुळे ओळ नीट बांधलेली असेल तर टाळी सारख्या अंतराने आणि महत्त्वाच्या अक्षरावरच पडते. टाळी चुकू लागली, एखादा शब्द घाईने गिळावा लागला किंवा उगाच लांबवावा लागला, तर ती ओळ कच्ची आहे असे समजावे. यमक जुळले म्हणजे कविता झाली, अशा समजुतीने काढलेली पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत ओळींच्या शेवटी 'छान', 'लहान', 'महान' हे शब्द रांगेने उभे असतात आणि ओळीच्या पोटात ताल नावालाही नसतो. अशी पुस्तके मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा वाचवत नाहीत, आणि मुलाला तर तेच पुस्तक निदान वीस वेळा ऐकायचे असते.

भाषांतरित पुस्तकांच्या बाबतीत ही परीक्षा अधिक कडकपणे घ्यावी. मूळ पुस्तकातले चित्र मूळ भाषेतल्या यमकासाठी काढलेले असते. भाषांतरात अर्थ आला तरी नाद येईलच असे नाही, आणि मग चित्रात कोल्हा मोज्यांसह का उभा आहे हे कुणालाच कळत नाही. याउलट, भाषांतरकाराने अर्थाशी थोडी मोकळीक घेऊन नाद नव्याने उभा केला असेल, तर ते पुस्तक निःशंकपणे घ्यावे.

चित्रांनीही आपला वाटा उचललेला असावा. कवितेत जे शब्दांनी सांगितले तेच चित्रात पुन्हा काढले असेल, तर पाहण्यासारखे फारसे उरत नाही. कवितेत मांजर ओट्यावर चढावे आणि चित्रात डब्याच्या आडून उंदीर ते पाहत असावा. कवितेने उंदराचा उच्चारही करू नये. मुले असे उंदीर फार लवकर शोधून काढतात. 'दात घासा, खोटे बोलू नका, भाजी खा' असे उपदेश यमकात बसवलेली पुस्तके मी स्वतः सुचवत नाही. दात घासायला सांगण्यासाठी आईवडील आहेतच.

विंदा करंदीकर यांनी 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' यांसारख्या संग्रहांत मुलांसाठी जी कविता लिहिली, तिच्यात उपदेश जवळजवळ नाहीच. आहे तो प्राण्यांचा चक्रमपणा आणि शब्दांची मस्ती. पुढे ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवले गेलेले हे कवी मुलांसाठी लिहिताना छंदाच्या बाबतीत जराही ढिलाई करत नाहीत. म्हणून घरातल्या प्रौढाचा कान तयार व्हावा यासाठीही हे संग्रह आणून मोठ्याने वाचावेत. खर्च परवडत नसेल तर 'प्रथम बुक्स'ने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. त्यांतली पुष्कळशी भाषांतरे आहेत, त्यामुळे वर सांगितलेली मांडीवरची परीक्षा तिथेही घ्यावीच.

आधी एकट्याने वाचावे

गद्य गोष्ट पहिल्याच वेळी मुलासमोर वाचली तरी निभावते. यमकाच्या पुस्तकाचे तसे नसते. ठेका कुठे आहे, श्वास कुठे घ्यायचा, कोणत्या ओळीवर पान उलटायचे, हे आधी ठरलेले असेल तरच वाचताना नजर पुस्तकावरून उचलून मुलाकडे पाहता येते. त्यासाठी एकदा शांतपणे आणि एकदा मोठ्याने, असे दोन वेळा वाचन पुरे होते.

मराठीत याच टप्प्यावर एक बारीक अडचण येते. पुस्तकात 'चढले', 'पडले', 'केले' असे छापलेले असते आणि घरात आपण 'चढलं', 'पडलं', 'केलं' असे बोलतो. वाचता वाचता जीभ सवयीने बोलीकडे वळते. एका ओळीच्या शेवटी 'आले' आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'नाले' असेल, तर 'आलं' म्हणताच यमक मोडते, कारण 'नाले' काही 'नालं' होत नाहीत. म्हणून यमकाच्या जागा आधीच पाहून ठेवाव्यात. दोन्ही ओळींच्या शेवटी क्रियापदे असतील तर दोन्ही बोलीत म्हणायला हरकत नाही, उलट ते लहान मुलाला जवळचे वाटते. एकीकडे नाम असेल तर छापल्याप्रमाणे वाचावे.

थांबण्याची जागा

या प्रकारच्या वाचनाचा जीव थांबण्यात आहे. उदाहरणासाठी चार ओळी घेऊ, ज्या केवळ या लेखापुरत्या जुळवल्या आहेत :

मांजर चढलं ओट्यावर,
डोळा दुधाच्या लोट्यावर;
आजी म्हणाली, 'थांब, थांब!'
खिडकीत शेपूट लांब लांब.

पहिल्या वाचनात कुठेही न थांबता, ठेक्यात चारही ओळी म्हणाव्यात. मुलाने अजून एकदाही ऐकलेले नसताना त्याच्याकडून शब्दाची अपेक्षा करणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे होय. दुसऱ्या वाचनात शेवटच्या ओळीतल्या 'शेपूट'वर आवाज किंचित चढवावा, बोट चित्रातल्या शेपटावरून सावकाश खिडकीबाहेर न्यावे आणि गप्प राहावे. ही शांतता मोठ्या माणसाला फार लांब वाटते, आणि इथेच बहुतेक पालक घाईने स्वतःच शब्द उच्चारून मोकळे होतात. मनातल्या मनात एक पूर्ण टाळी जाऊ द्यावी, मग आणखी एक. दोन वर्षांचे मूल कदाचित नुसते 'आंब!' म्हणेल, ते बरोबरच आहे, कारण यमकाचा नाद त्याने पकडला आहे. अशा वेळी 'लांब लांब!' असे आनंदाने म्हणत ओळ पुरी करावी. 'आंब नाही, लांब म्हण' असे मात्र सांगू नये. तीन वर्षांचे मूल चित्र पाहून 'लांब' म्हणेल, आणि पुढच्या वाचनापासून 'लोट्यावर'सुद्धा आपलाच शब्द आहे असा हक्क सांगू लागेल.

थांबायचे ते यमकजोडीच्या दुसऱ्या शब्दापाशी, पहिल्या शब्दापाशी नव्हे. 'ओट्यावर' येण्याआधी थांबलो तर मुलापुढे जगातले सगळे शब्द मोकळे असतात; 'ओट्यावर' ऐकल्यावर, लोट्याचे चित्र समोर असताना थांबलो तर उत्तर जवळजवळ हातात आलेले असते. या साध्या व्यवहाराला संशोधनाचाही दुजोरा आहे. कर्स्टन रीड यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते चार वर्षांच्या मुलांना काल्पनिक राक्षसांची नवी नावे कवितेतून ऐकवली होती. आधी राक्षसाचे वर्णन आणि मग कडव्याच्या अखेरीस यमकाच्या जागी त्याचे नाव, अशी रचना असताना ती नावे मुलांच्या सर्वाधिक लक्षात राहिली. नावापूर्वी पालक थांबत होते त्या वाचनांत तर त्या थांबण्याचाही उपयोग झालेला दिसला. येणाऱ्या शब्दाचा अंदाज बांधण्यात मूल गुंतलेले असते, म्हणून तो शब्द त्याचा होतो.

प्रत्येक ओळीला थांबू नये. पानागणिक एकदा थांबले तरी पुष्कळ झाले. सारखे थांबल्याने ठेका मोडतो, आणि ठेका मोडला की अंदाज बांधायला आधारच उरत नाही. चाल धीमी ठेवावी, कारण छापील पान पाहून आपण ज्या वेगाने वाचतो तो वेग लहान कानांसाठी जवळजवळ नेहमीच जास्त असतो.

पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा

एकाच पुस्तकाचा हट्ट म्हणजे मुलाची प्रगती थांबल्याची खूण नव्हे. ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी ऐकवल्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते, तरी एकच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना ते अधिक चांगले आले. गोष्ट ओळखीची झाल्यावर लक्ष शब्दांकडे द्यायला मोकळे होते, असा याचा सरळ अर्थ लावता येतो. यमकाच्या पुस्तकात ही ओळख आणखी लवकर होते.

कंटाळा येतो तो मोठ्यांना, आणि तो घालवण्याचे उपाय वाचनातच आहेत. शब्द न बदलता आवाज बदलावा : एकदा कुजबुजत, एकदा कीर्तनकारासारखे खड्या आवाजात, एकदा आजीला सर्दी झाल्यासारखे नाकातून. पुस्तक चांगले पाठ झाल्यावर मुद्दाम चूक करावी. 'आजी म्हणाली, बस, बस!' असे गंभीर चेहऱ्याने वाचले, की मूल खवळून 'थांब, थांब!' असे सांगते आणि पुढची ओळही स्वतःच म्हणून टाकते. ही युक्ती पाठ झालेल्या पुस्तकावरच करावी. नव्या पुस्तकात चूक केली तर मुलाचा नुसता गोंधळ होतो.

हातवारे आणि वस्तू यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. लाटणे, वाटी, ओढणी यांतले जे हाताशी असेल ते वापरावे. वर्षभराच्या बाळासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचे पुस्तक घ्यावे, त्याला मांडीवर घेऊन ठेक्यात हलके डोलवावे आणि त्याने पुस्तक चावले तर चावू द्यावे.

निरर्थक शब्दांचे स्वागत

'शेपूट' म्हणून आपण थांबलो आणि मूल 'खांब खांब!' म्हणाले, तर हसून 'खिडकीत शेपूट खांब खांब' अशी ओळ म्हणून दाखवावी, आणि खांबाएवढ्या जाड शेपटाचे मांजर खिडकीतून कसे जाईल ते विचारावे. मूल यमक बरोबर जुळवते आहे. अर्थ सुटला तर सुटू द्यावा. चार-पाच वर्षांची मुले असे शब्द जाणूनबुजून करतात, आणि बालसाहित्यातले काही उत्तम शब्द याच वाटेने आले आहेत. ज्युलिया डोनल्डसन यांना 'द ग्रफलो' या १९९९ सालच्या पुस्तकात खरे तर वाघ आणायचा होता, पण वाघाच्या इंग्रजी नावाला यमक जुळेना, म्हणून त्यांनी यमकात बसेल असा एक नवा प्राणीच तयार केला.

मराठी मुलाजवळ तर या खेळाचे भांडवल बोलीतच असते. 'भाजीबिजी', 'पुस्तकबिस्तक', 'मांजरबिंजर' हे आपण दिवसभर बोलतो. याच सवयीचा खेळ करावा : 'बि'ऐवजी दुसरे अक्षर घालून 'मांजरफांजर', 'मांजरढांजर' असे म्हणत जावे आणि मुलाला पुढचे अक्षर निवडू द्यावे. शब्दाचे पहिले अक्षर सुटे करून दुसरे लावता येते हे या हसण्याखिदळण्यात त्याच्या कानाला कळते, आणि लिहिण्यावाचण्याच्या आधी कळायला हवे ते बरेचसे हेच असते. पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तीन वर्षे ओलांडलेल्या ज्या मुलांना बडबडगीते अधिक येत होती, ती पुढे नादांतला फरक ओळखण्यात आणि वाचनातही पुढे राहिली. बुद्ध्यंक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. हा अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा आहे. देवनागरीत मूल सुटे वर्ण नव्हे तर स्वरासह पूर्ण अक्षर वाचायला शिकते, त्यामुळे तो निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावू नये. मात्र शब्दातले नाद वेगळे ऐकू येणे मराठीतही लागतेच.

एवढे वाचून कुणी 'यमक ओळखा' असा स्वाध्याय घेऊन बसेल, तर सगळे मुसळ केरात जाईल. 'ओट्यावरला यमक काय?' हा प्रश्न मुलाला विचारू नये. ओळीखाली बोट फिरवून अक्षरे दाखवण्याची घाईही करू नये; बोट चित्रावर असावे. पुस्तक मध्येच सोडून मूल उठले, तर पुस्तक मिटून ठेवावे आणि त्या दिवशी तो विषय पुन्हा काढू नये.

दोन भाषांच्या घरात

परदेशातल्या, तसेच पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या घरांतही यमकाची पुस्तके बहुधा इंग्रजीच असतात. ती इंग्रजीतच वाचावीत. वाचता वाचता ओळीगणिक मराठी करत गेल्यास ताल जातो, यमक जाते, आणि उरलेल्या अर्थात मुलाला रस नसतो. पुस्तक वाचून झाल्यावर चित्रांविषयी मात्र मराठीत मनसोक्त गप्पा माराव्यात : हा कोल्हा कुठे निघाला, त्याच्या पिशवीत काय असेल, तो घाबरला आहे की सोंग करतो आहे. मराठी तालासाठी मराठी पुस्तके वेगळी ठेवावीत आणि ती शक्यतो त्या माणसाने वाचावीत ज्याच्या जिभेवर मराठी सहज आहे. आजोबा दूर असतील तर दोन्ही घरी एकेक प्रत ठेवून व्हिडिओ कॉलवरही हे छान जमते, फक्त आवाज उशिरा पोहोचत असल्याने थांबण्याची जागा थोडी अधिक लांबवावी लागते. इंग्रजी वातावरणात वाढणाऱ्या मुलांच्या तोंडून 'ळ' लवकर निसटतो, तसाच 'चमचा' आणि 'जहाज' यांतला दंत्य उच्चारही. 'डोळा–गोळा–पोळा' अशी यमके असलेली कविता निवडली, तर 'ळ' एका पानात सहा-सात वेळा सहज घोळला जातो आणि उच्चार सुधारण्याचा प्रसंगच येत नाही.

वेळ आणि क्रम

धमाल यमकाचे पुस्तक झोपायच्या वेळी काढू नये. ते मुलाला जागे करते, आणि मग दोष पुस्तकाला दिला जातो. संध्याकाळी जेवणापूर्वीचा अर्धा तास त्यासाठी उत्तम असतो. रात्री संथ लयीची, अंगाईच्या जवळ जाणारी कविता घ्यावी. एका बैठकीला दोन पुस्तके पुरतात : एक पाठ झालेले आणि एक नवे, याच क्रमाने, कारण पाठ झालेल्या पुस्तकाने मुलाचा आवाज मोकळा होतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास मूल स्वतः अक्षरे लावून वाचू लागले, की त्याला पहिले संपूर्ण पुस्तक यमकाचेच द्यावे. अर्धे शब्द कानाला आधीच ठाऊक असल्याने ते कमी अडखळते. आता भूमिका बदलाव्यात : ओळ मुलाने वाचावी, थांबण्याची जागा त्याने ठरवावी आणि शेवटचा शब्द मोठ्या माणसाने द्यावा. त्यातले काही शब्द चुकीचे द्यावेत, म्हणजे दुरुस्त करण्यासाठी त्याला ती ओळ पुन्हा वाचावी लागते.